सुक्या फळांची झटपट लोणची : भिलाईच्या स्वयंपाकघरांतून एक आढावा

दिवाळी उलटून महिना झाला की भिलाईतल्या पुष्कळ घरांत सुक्या मेव्याचे अर्धे डबे उरलेले असतात. काजू-बदाम पहिल्या आठवड्यातच संपतात. मागे राहतात मनुका, जर्दाळू, अंजीर आणि एकमेकांना चिकटलेला खजूर. थंडी सरून ऊन तापू लागलं की किडीची धास्ती, म्हणून डबा फ्रीजमध्ये जातो आणि तिथे फळं आणखी चिवट होतात. याच फळांचं दोन-चार दिवसांत पानात वाढता येईल असं आंबट-गोड लोणचं होतं, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अडचण कृती शोधायला गेल्यावर येते. एक कृती व्हिनेगर घ्या म्हणते, दुसरी लिंबू. एकीत फळं रात्रभर पाण्यात भिजवायची, दुसरीत धुवायचीसुद्धा नाहीत. कुणी सांगतं बरणी सहा महिने ओट्यावर टिकते, कुणी आठवड्याभरात संपवायला लावतं. यातलं खरं काय, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या या गावात त्यातलं काय जमेल, ते एकदा नीट मांडायला हवं.

कैरीच्या लोणच्यात पाणी फळातून बाहेर येतं. फोडींना मीठ-हळद लावली की खार सुटतो आणि मोहरी, मेथी, हिंगाचा मसाला त्या खारात मुरतो. सुक्या फळात सगळं उलट्या दिशेने घडतं. मनुकेत पाणी साधारण १५ टक्के उरलेलं असतं. बाहेरून रस मिळाला की फळ तो आत ओढून घेतं आणि फुगतं. म्हणून या लोणच्यात मसाला दुय्यम. फळ पहिल्यांदा कोणता रस पितं, यावर चव, टिकाऊपणा आणि निर्धोकपणा हे तिन्ही ठरतात. मनुका साध्या पाण्यात रात्रभर टाकल्या तर त्यांचं पोट पाण्यानेच भरतं. मग वरून कितीही लिंबू पिळलं तरी आंबट रस गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर आतलं पाणी बाहेर येऊन तो रसही पातळ होतो. म्हणून फळं भिजवायचीच असतील तर ती त्या आंबट रसातच भिजवावीत.

धुणं मात्र चुकवू नये. आपल्याकडचा बहुतेक बेदाणा सांगली, तासगाव आणि नाशिक भागातून येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या द्रावणात बुडवून सावलीत, जाळ्यांच्या मांडणीवर सुकवतात. द्राक्षाच्या सालीवरचं मेण त्यामुळे मोकळं होतं आणि पाणी लवकर उडतं. त्याच वाटांनी लोणच्याचा रसही आत लवकर शिरतो, म्हणून हिरवट-पिवळा बेदाणा अर्ध्या तासात टम्म होतो आणि उन्हात तशाच वाळवलेल्या काळ्या मनुकेला रात्र लागते. पिवळ्याधमक बेदाण्याला आणि केशरी जर्दाळूला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते. ज्यांना दमा आहे त्यांना हे गंधक बाधू शकतं, त्यांनी तपकिरी जर्दाळू आणि काळी मनुकाच घ्यावी. बाकीच्यांनी फळं चाळणीत घेऊन वरून कडकडीत पाणी एकदा ओतावं, लगेच निथळावं आणि कापडावर कोरडी करावीत. एवढ्याने वरचं तेल आणि धूळ जाते, पण फळ पाणी पीत नाही.

आता आंबटपणाचं. सुकी फळं सगळी सारखी आंबट नसतात, आणि घरगुती कृतींमध्ये नेमकी हीच गोष्ट सुटते. पदार्थाचा सामू (pH) ४.६ च्या वर असेल आणि हवा लागत नसेल, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू त्यात वाढू शकतो. त्याचं विष प्राणघातक असतं आणि वासावरून ओळखू येत नाही. मनुकेचा सामू ४ च्या आसपास, जर्दाळूचा त्याहूनही खाली, म्हणजे ही दोन्ही फळं मुळातच सुरक्षित बाजूची. खजूर आणि अंजीर यांचा मात्र बहुधा ५ ते ६ च्या दरम्यान. गोड लागतात म्हणून ती टिकतील असं वाटतं, आणि कोरडी असेपर्यंत ती टिकतातही, कारण आतल्या साखरेने उरलंसुरलं पाणी बांधून ठेवलेलं असतं. एकदा का त्यांनी रस प्यायला की हे संरक्षण जातं. त्या क्षणापासून त्यांना सांभाळायला फक्त आम्ल, मीठ आणि थंडावा. म्हणून खजूर आणि अंजीर कधी अख्खे घालू नयेत. उभे चिरावेत, बी काढावी, आत कीड किंवा काळी भुकटी नाही ना ते उजेडात पाहावं, आणि मग चार तुकडे करावेत. तुकडा जितका लहान तितका रस गाभ्याला लवकर भिडतो.

हा विषय भिलाईतून लिहावासा वाटला त्याला कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या या माळावर देशभरातून माणसं आली. मराठी माणसाला ही दिशा परकी नव्हती. १८ व्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला होता, आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर हीच होती. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ही एकच वाट. पण सेक्टरांमधल्या क्वार्टरांत शेजार लाभला तो मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, गुजराती कुटुंबांचा. वाट्या कुंपणावरून इकडून तिकडे जात राहिल्या. सुक्या फळाला आंबट करण्याच्या भारतातल्या बहुतेक रीती त्यामुळे इथे एका रस्त्यावर सापडतात.

मराठी घरातली रीत लिंबाची. खारकेचं किंवा खजुराचं लिंबाच्या रसातलं लोणचं आपल्याकडे जुनं आहे. त्याला तेल लागत नाही, मोहरी-हिंग टाळले तर ते उपासालाही चालतं. खारीक म्हणजे अर्धवट पिकलेला खजूर उकळून वाळवलेला, त्यामुळे ती खजुरापेक्षा कठीण आणि कमी चिकट. लोणच्यात तिचा करकरीतपणा टिकतो, म्हणून जुन्या बायका खजुरापेक्षा खारीक पसंत करत. वेळ मात्र जास्त लागतो. बी काढून लांब काप केले तरी दोन ते तीन दिवस. भारतात येणारी खारीक बव्हंशी सिंधमधल्या खैरपूर भागाची असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क लागलं आणि २ मे २०२५ ला आयात पुरती बंद झाली, तेव्हापासून वाण्याकडे ती महाग झाली आहे. तिची जागा घरोघर मऊ खजुराने घेतली, पण चव तीच नाही, हे खाणाऱ्याला कळतं.

गुजराती शेजारी हीच खारीक मोहरीची डाळ आणि गूळ घालून कैरीच्या किसात मुरवतात. पंजाबी घरात हिवाळ्यात फुलकोबी-गाजर-सलगमचं लोणचं होतं. त्यात गूळ आणि व्हिनेगर असतं आणि काही घरांत छुहाऱ्याचे म्हणजे खारकेचे कापही. बंगाली लग्नाच्या जेवणात शेवटाकडे येणारी खजूर-आमसत्त्वाची चटणी हे या कुळातलं सर्वांत झटपट प्रकरण. टोमॅटो किंवा चिंचेच्या कोळात पाचफोडण, खजुराचे तुकडे आणि आंब्याच्या पोळीचे चौकोन शिजवले की अर्ध्या तासात तयार. मल्याळी घरांतलं बिर्याणीसोबतचं खजुराचं लोणचं तेलात आलं-लसूण परतून व्हिनेगरवर चालतं आणि चांगलंच झणझणीत असतं. चवीच्या दृष्टीने मला यातलं हेच सर्वांत पुरं वाटतं, कारण खजुराच्या गोडीला तोलून धरण्याइतका तिखट आणि आंबट जोर दुसऱ्या कुठल्या कृतीत नाही.

व्हिनेगरची परंपरा मात्र ठामपणे सापडते ती पारशांकडे. ‘लगन-नू-अचार’ हे त्यांचं लग्नातलं लोणचं. गाजराचा कीस, खारीक, किसमिस, जर्दाळू, साखर किंवा गूळ, आलं-लसूण, तिखट, आणि उसाचं व्हिनेगर. नवसारीच्या कोलाह यांच्याकडे हे व्हिनेगर १८८५ पासून बनतं. आज ज्याला नवं म्हणून मिरवलं जातं ते व्हिनेगरमधलं सुकं फळ आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षं लग्नाच्या पानात वाढलं जात आहे. जगातही त्याचे भाईबंद आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या केप मलय लोकांचं ‘ब्लाटयांग’ सुक्या जर्दाळूचं, व्हिनेगर-मिरचीचं. इटलीतल्या क्रेमोना शहराचं ‘मोस्तार्दा’ म्हणजे पाकातली फळं आणि त्यात मोहरीची झणझण.

यातला कुठला रस घ्यावा? तुलनेला एक माप हाताशी आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत विकायच्या लोणच्यासाठी आकडे दिलेले आहेत : लिंबूवर्गीय रसातल्या लोणच्यात आम्लता निदान १.२ टक्के आणि मीठ निदान १० टक्के, मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ निदान १२ टक्के, व्हिनेगरमधल्या लोणच्यात त्या व्हिनेगरची आम्लता निदान २ टक्के. हे आकडे दुकानातल्या बरणीसाठी आहेत, पण घरच्या बरणीचं गणितही त्यांवर घासून पाहता येतं.

लिंबाची कृती घेऊ. पाव किलो काळी मनुका, १० ते १२ रसाळ लिंबांचा साधारण २०० मिलिलिटर रस, २० ग्रॅम मीठ म्हणजे सपाट चार चहाचे चमचे, ५० ग्रॅम चिरलेला गूळ, बोटभर आल्याचे बारीक काप, दोन चमचे तिखट, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. रस, मीठ आणि गूळ आधी एकजीव करायचं, गूळ विरघळला की मनुका घालायच्या. लिंबाच्या रसात सहा टक्क्यांच्या आसपास सायट्रिक आम्ल असतं. म्हणजे सव्वापाचशे ग्रॅमच्या या बरणीत आम्लता सव्वादोन टक्क्यांच्या पुढे, मानकाच्या जवळजवळ दुप्पट. मीठ मात्र जेमतेम चार टक्के, मानकाच्या निम्म्याहूनही कमी. सगळ्या झटपट लोणच्यांचं गुपित आणि मर्यादा या दोन आकड्यांत आहे. मीठ कमी म्हणून ती दुसऱ्या दिवशी खाता येतात, आणि मीठ कमी म्हणूनच ती ओट्यावर टिकत नाहीत. सहा महिने टिकवायचं असेल तर मीठ १० टक्क्यांवर न्यावं लागेल, आणि मग ते चमचा-चमचा भाजीसारखं वाढता येणार नाही. दोन्ही एकाच बरणीत मिळतील असं सांगणाऱ्या कृतीवर विश्वास ठेवू नये.

व्हिनेगरच्या बाबतीत बाटलीवरचं लेबल वाचणं आलं. परदेशी कृतींत व्हिनेगर ५ टक्क्यांचं धरलेलं असतं आणि त्यात तितकंच पाणी मिसळायला सांगतात. आपल्याकडे कायद्याने किमान ३.७५ टक्के आम्लता पुरते आणि बाजारात बहुधा ४ टक्क्यांची बाटली मिळते. तिच्यात तितकंच पाणी घातलं की आम्लता काठावर येते, आणि खजुरासारखं फळ ती आणखी खाली ओढतं. म्हणून इथल्या बाटलीत पाणी घालूच नये. आंबटपणा जास्त वाटला तर साखर वाढवावी. ‘सिंथेटिक’ लिहिलेलं व्हिनेगर ॲसेटिक आम्ल पातळ करून केलेलं असतं. ते निर्धोक आहे, पण त्याचा वास नाकात चढतो. उसाचं किंवा सफरचंदाचं आंबवलेलं व्हिनेगर घेतलं तर मनुकेची स्वतःची चव मागे राहत नाही. व्हिनेगरला मीठ, साखर, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि सुकी मिरची घालून एक उकळी आणायची आणि ते गरम असतानाच जर्दाळूवर ओतायचं. गरम रस थंडपेक्षा लवकर आत शिरतो, आणि फळाच्या सालीवर चिकटलेलं यीस्टही मरतं. दुपारी घातलेलं संध्याकाळच्या जेवणाला होतं.

पण भिलाईत राहून जर्दाळू आणि अंजिरावरच थांबणं मला पटत नाही. इथल्या मातीची सुकी फळं वेगळी आहेत आणि लोणच्याला ती जास्त योग्य आहेत. एप्रिल-मेच्या वावटळीत झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. त्या सोलून, काप करून, मीठ लावून किंवा न लावता गच्चीवर वाळवायच्या, हे छत्तीसगढी घरांत दरवर्षीचं काम. नवतपा म्हणवल्या जाणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत ऊन असं असतं की दोन-तीन दिवसांत फोड खडखडीत होते. वर मलमलचं किंवा जुन्या धोतराचं कापड हवंच, नाहीतर धूळ बसते आणि ती मग धुऊन निघत नाही. कोकणात हीच आंबोशी, केरळात मीठ लावून वाळवलेल्या कैरीचं ‘अडमांगा’. चांगली फोड फिकट बदामी दिसते, वाकवली तर मोडते आणि जिभेवर ठेवली की गालांच्या आतून पाणी सुटतं. काळपट, वाकणारी, कुबट वासाची फोड लोणच्याला घेऊ नये.

आंबोशीला आंबट रसातच भिजवण्याचा वरचा नियम लागू नाही, आणि तो का नाही हे लक्षात घेतलं तर सगळा विषय नीट कळतो. कच्च्या कैरीचं आम्ल फोडीतच साठलेलं असतं. ती साध्या कोमट पाण्यात भिजवली तरी ते पाणीच आंबट होतं. म्हणून कोकणातल्या कृतीत तिला गुळाचं पाणी चालतं. वाटीभर फोडी, पाऊण वाटी गूळ, फोडी बुडतील इतकं उकळून कोमट केलेलं पाणी, चवीला मीठ. चार तासांत फोडी लुसलुशीत होतात. मग तेलात मोहरी, हिंग, मेथीचे चार दाणे आणि लाल मिरचीची फोडणी करायची, ती पुरती गार होऊ द्यायची आणि वरून ओतायची. मोहरीची डाळ फेसून घातली तर उत्तमच. पावसाळ्यात भाज्या महाग होतात तेव्हा गरम भात, वरण आणि हे लोणचं एवढ्यावर जेवण होतं.

दुसरं फळ बोर, इथलं बोइर. माघ-फाल्गुनात ती पिकून गळतात, उन्हात सुरकुततात, आणि गावाकडे कुटून त्यात मीठ-मिरची घालून खातात. विदर्भातल्या माणसाला बोरकूट सांगावं लागत नाही. वाळलेली अख्खी बोरं चिंचेच्या कोळात शिजवली की त्यांचं फार चांगलं आंबट-गोड लोणचं होतं. बोर स्वतः कैरीइतकं आंबट नाही, म्हणून चिंच हवीच, आणि चिंचेसाठी छत्तीसगडाबाहेर पाहण्याची गरज नाही. बस्तरची चिंच वनोपज म्हणून गोळा होते आणि जगदलपूरच्या मंडीचं नाव देशभर आहे. तीच चिंच मीठ-मिरचीसोबत कुटून काडीला लावलेला लाटा इथल्या शाळकरी मुलांनी खाल्लेला असतो. टार्टरिक आम्लाची ही चिंच लिंबापेक्षा जड, मातकट चवीची. बोराच्या कषाय चवीला ती धरून राहते, लिंबू राहत नाही. बोरं पाव किलो असतील तर निदान १०० ग्रॅम चिंचेचा दाट कोळ, १५० ग्रॅम गूळ, मीठ, तिखट, सुंठ, आणि बोराची साल मऊ होईपर्यंत मंद आच.

दिवाळीतली मनुका आणि जर्दाळू संपवायला झटपट लोणचं उपयोगी आहे, त्यात वाद नाही. पण पैसे घालून लोणच्यासाठी म्हणून फळं आणायची असतील, तर भिलाईतल्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात वाळवलेल्या कैरीच्या फोडी आणि सुकी बोरं शोधावीत. जर्दाळूच्या मानाने ती बरीच स्वस्त, गंधकाची धुरी नाही, आणि कैरीच्या फोडीत तर आम्ल आत भरलेलं.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात. वर दिलेली सगळी लोणची फ्रीजमध्येच ठेवायची. लिंबाचं आणि व्हिनेगरचं तीन-चार आठवडे, आंबोशीचं आठ-दहा दिवस, शिजवलेली चटणी चार-पाच दिवस. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत बरणी बाहेर राहिली, किंवा ओला चमचा आत गेला, तर वर पांढरा पापुद्रा येतो. तो काढून खालचं खाऊ नये, बुरशीचे धागे खोलवर गेलेले असतात. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसले, दारूसारखा वास आला तर मनुका आंबली असं समजावं आणि सगळं टाकावं. लसूण घालून तेलाखाली बुडवलेलं बिन-आम्लाचं लोणचं तर करूच नये, बोट्युलिनमला तशीच जागा लागते. मधुमेह असणाऱ्यांनी हे लोणचं आहे म्हणून मोकळं खाऊ नये. मनुकेत निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि आंबट चवीआड ती जाणवत नाही.

भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ आम्लाने खाल्लं जातं. स्टेनलेसच्या डब्यात एखादा दिवस चालेल, पण मीठ आणि आम्ल एकत्र फार दिवस राहिलं की त्यालाही बारीक खड्डे पडतात. क्लोराइडने पोलादाचं काय होतं हे भिलाईतल्या घरांना समजावून सांगावं लागत नाही. चिनीमातीची जुनी बरणी वापरताना आतला चकाकता थर तडकलेला नाही ना हे पाहावं, भेगांत गेल्या वर्षीचं लोणचं दडून बसतं.

फळं संपल्यावर तळाशी खार उरतो, दाट, काळसर आणि सुगंधी. त्यात नवीन मनुका टाकायचा मोह होतो, पण टाकू नयेत. आधीच्या फळांनी त्यातलं आम्ल पिऊन टाकलेलं असतं आणि बदल्यात साखर सोडलेली असते, त्यामुळे दुसऱ्या घाण्याला तो पुरत नाही. तो खार चिरलेल्या कांद्यावर घालावा, मुळ्याच्या किंवा पानकोबीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी वापरावा, भिजवलेल्या मूगडाळीवर फोडणीसोबत ओतावा. लिंबाचा खार आमटीत उतरवताना चमचाभर पुरतो. व्हिनेगरचा कढवू नये, कोशिंबिरीतच संपवावा.